आईच्या हातची सुई

वेत विणायला घेण्याआधी तो पाण्यात भिजत घालावा लागतो. भिजला की हवा तसा वळतो, मोडत नाही. पण त्याच्याबरोबर विणणाऱ्याची बोटंही भिजतात आणि मऊ पडतात, आणि मऊ बोटात कुसळ खोल जातं. या घरात रोज कुणाच्या ना कुणाच्या बोटात कुसळ जायचं. ते काढायचं काम आईचं होतं.

कारखाना म्हणजे घराचीच पुढची मोठी खोली. एका भिंतीला पाण्याची लांबट टाकी, दुसऱ्या भिंतीला अर्धवट खुर्च्यांचे सांगाडे, आणि मधे जमिनीवर बसून काम करणारी माणसं. धाकटा वेताचे दांडे शेगडीवर शेकून वाकवायचा, दादा बैठका विणायचा, वहिनी तयार मालाला पॉलिश करायची. वडील गेल्यापासून गिऱ्हाइकाशी बोलणं आईकडे होतं. काम थांबलं की ती दाराशी स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, "या, कुणाकुणाला काय रुतलंय ते दाखवा."

सुई दाराच्या चौकटीतच टोचून ठेवलेली असायची. दादा पुढे बसायचा, मग धाकटा, कधी वहिनी. "माझ्याकडे बघू नकोस, बाहेर बघ," आई म्हणायची. बाहेर बघेपर्यंत कुसळ निघालेलं असायचं. बोटावर रक्ताचा बारीक ठिपका यायचा, आई तो अंगठ्यानं दाबून धरायची, सुई फडक्याला पुसायची आणि पुढच्याचा हात ओढून घ्यायची. मोठी झालेली मुलं आईच्या हातात हात देऊन बसत ती एवढ्याच निमित्तानं.

दोन भावांमधली बहीण, जिला घरात सगळे मधली म्हणत, ती शिकून एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात लागली होती. राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला. सुट्टीच्या दिवशी यायची. आली की तिच्याही हातात कुणीतरी वेताच्या पट्ट्या सोलायला द्यायचं, आणि मग तिचंही बोट आईपुढे जायचं.

दादाला हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि त्याआधीच्या तपासण्यांत त्याच्या रक्तात कावीळ बी निघाली. त्याला काहीही होत नव्हतं. डोळे पांढरे, भूक चांगली, कामाला वाघ. डॉक्टरांनी सांगितलं, हा विषाणू फार जुना दिसतो, बहुधा लहानपणापासून शरीरात आहे. यकृत सध्या ठीक आहे, ठरावीक काळानं तपासत राहू. कुठून आला हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. आईची तपासणी झाली, तिच्या रक्तात काही नव्हतं. वहिनी, तिची मुलगी, धाकटा, मधली, सगळ्यांच्या तपासण्या स्वच्छ आल्या. इतकी वर्षं कुणाला लागण झाली नाही हे नशीबच, असं डॉक्टर म्हणाले.

तरी समोरच्या शिवणवालीनं सांगितलं म्हणून आईनं दादाचं ताट आणि पेला वेगळा काढला. आठवडाभर तो कारखान्यात टाकीशेजारी बसून जेवला. त्याची पोरगी दारात उभी राहून त्याला घास मोजताना बघायची.

रविवारी मधली आली, तिनं हे पाहिलं आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"ताटानं होत नाही," ती म्हणाली. "पेल्यानं होत नाही. खोकल्यानं, शिंकेनं नाही. शेजारी झोपलं म्हणून नाही."

"आणि जवळ घेतलं तर?" आईनं विचारलं.

"नाही होत."

"मला कोण जवळ घेतंय इथं," दादा म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की धाकटा खाली मान घालून हसायला लागला.

"हा रक्तातून जातो," मधली म्हणाली. "नवराबायकोत जातो. बाळंत होताना आईकडून बाळाला जातो. आणि रक्त म्हणजे घळाघळा वाहणारंच नव्हे. डोळ्याला दिसणार नाही एवढंही पुरतं. ते वाळलं तरी हा आठवडाभर तग धरतो. म्हणून दादाचा वस्तरा वेगळा, नेलकटर वेगळं, दातांचा ब्रश वेगळा. वहिनीनं आणि बाकी सगळ्यांनी लस घ्यायची, तीन डोस. ती घेतली की चिंता नाही. आता नीट आठवून सांगा. अजून काही आहे का घरात, धारदार किंवा टोकदार, जे तुम्ही सगळे मिळून वापरता?"

सगळ्यांनी खरंच आठवून पाहिलं. आईनं कपाळाला आठ्या घातल्या. वहिनीनं स्वयंपाकघराकडे नजर टाकली.

"आहे की," धाकटा गंभीरपणे म्हणाला. "वहिनीची जीभ."

मग काय, दादाला हसता हसता ठसका लागला, वहिनीनं पॉलिशचं फडकं धाकट्याच्या दाढीवर मारलं, आईनं "अरे, ती काय सांगते ते ऐका" म्हणत स्वतःच तोंडाला हात लावला. मधलीही हसली. प्रश्न तिथंच राहिला. तिच्या पाठीमागे चौकटीत सुई होती. ती कुणाला आठवली नाही, कारण या घरात ती वस्तू म्हणून कधी कुणी पाहिलीच नव्हती. ती आईच्या हाताचा भाग होती.

त्याच दुपारी आईनं दादाचं ताट घासून इतरांच्या ताटांत मिसळून टाकलं, असं की त्यातलं त्याचं कोणतं ते तिलाही ओळखू येऊ नये. "उगीच पोराला आठवडाभर परक्यासारखं बसवलं," ती वहिनीला म्हणाली. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या आई, तेवढाच तुमचा आवाज कमी ऐकला त्यांनी."

लस सगळ्यांनी सुरू केली. आईनं घेतली, वहिनीनं घेतली, पोरीची बाळपणी झालेलीच होती, मधलीची नोकरीमुळे झालेली. राहिला धाकटा. त्याच्या हातावर शेगडीचे चटके होते, वेताचे ओरखडे होते, पण इंजेक्शन म्हटलं की त्याला काहीतरी काम आठवायचं. कधी शेगडी पेटलेली असायची, कधी माल पोचवायचा असायचा, कधी नाक गळत असायचं.

"घोड्याएवढा झालास," मधलीनं फोनवर सुनावलं. "एवढी दाढी वाढवलीस ती कशाला? आत भित्रा ससा बसलाय तो दिसू नये म्हणून?"

"मला सुई फक्त आईच्या हातची चालते," धाकटा म्हणाला. "तुमच्या दवाखान्यात आईला नोकरी लावा, मी रांगेत पहिला."

दिवस गेले. दादाचं ऑपरेशन झालं, तो पुन्हा बैठका विणू लागला. मग एका सकाळी धाकट्याला जेवणाचा वास नको झाला. दोन दिवस तो ताप अंगावर काढत शेगडीपाशी बसला. तिसऱ्या दिवशी वहिनीनं त्याला उजेडात आणून डोळे बघितले आणि मधलीला फोन लावला.

मोठ्या माणसाला ही कावीळ नव्यानं झाली तर बहुतेक वेळा ती आपली आपण जाते. शरीर महिन्या-दोन महिन्यांत तिला हुसकावून लावतं आणि माणूस आयुष्यभरासाठी सुरक्षित होतो. मधलीनं आईला हेच सांगितलं, आणि सांगताना तिचा त्यावर विश्वास होता. शंभरात एखाद्याच्या बाबतीत, किंवा त्याहूनही कमी जणांत, यकृत एकदम कोसळतं. तो आकडा तिनं सांगितला नाही. आकडा लहान होता. एरवी तिनं तो धीर द्यायला वापरला असता.

धाकटा पहिले दिवस रुग्णालयात थट्टा करत होता. नर्सबाईंना म्हणाला, "पिवळा झालोय तर पॉलिश मारून शोरूमला ठेवा." मग त्याला दिवसा झोप येऊ लागली. मग तो तारखा विसरू लागला. मधलीला त्यानं एकदा वहिनी म्हणून हाक मारली आणि एकदा आई म्हणून. ती कॉटशेजारी बसून त्याचा हात धरायची. त्या दिवशी खिडकीतून थेट उजेड येत होता आणि त्याचा तळवा तिच्या मांडीवर उताणा पडला होता. तिनं सहज बोटांकडे पाहिलं.

बोटांच्या टोकांवर बारीक खुणा होत्या. जुन्या बुजलेल्या, नव्या न बुजलेल्या. कुसळ जिथं गेलं आणि जिथून निघालं त्या.

मधलीला दाराशी स्टुलावर बसलेली आई दिसली. दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या एका सुट्टीला ती स्वतः तिथं होती, पट्ट्या सोलत होती. आईनं दादाचा अंगठा सोडला, सुई फडक्याला पुसली आणि म्हणाली, "ये रे, आता तू." मधली तेव्हा वर बघून हसली होती. आईला दादाच्या रोगाची भीती वाटत नाही, याचं तिला बरं वाटलं होतं.

तिनं मान वर केली तेव्हा दादा कॉटच्या पलीकडे उभा होता. तोही भावाच्या बोटांकडेच बघत होता.

संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की आता आशा फार ठेवू नका. व्हरांड्यात बाकावर आई बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिनं विचारलं ते एवढंच:

"याचं रक्त तर चांगलं निघालं होतं तेव्हा. मग याला आलं कुठून?"

प्रश्न मधलीला होता. मधलीचे ओठ उघडले.

"माझ्याकडून आलं," दादा म्हणाला. "माझा वस्तरा घेतला त्यानं. मानेवरची दाढी साफ करायला. मी बघितलं, आणि म्हटलं, असू दे, एकदा घेतला तर काय होतंय."

व्हरांड्यातून एक ट्रॉली गेली. तिचं एक चाक वाजत होतं.

"तुला सांगितलं होतं ना हिनं?" आई म्हणाली.

"सांगितलं होतं."

"तरी?"

"तरी," दादा म्हणाला.

आईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती उठून आत गेली, धाकट्याच्या उशाशी बसली आणि त्याची दाढी बोटांनी विंचरू लागली.

जिन्याखाली दादानं मधलीला गाठलं. "हे आपल्या दोघांत राहील," तो म्हणाला.

"दादा, तिला तुझा राग येईल. जन्मभर येईल."

"येऊ दे. राग आला तर माणूस जेवतो, उठतो, कामाला लागतो. ते दुसरं कळलं तर ती..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "मधले, तिनं एका पोराच्या बोटातून काढून दुसऱ्याच्या बोटात घातलं, हे तिला तू सांगणार आहेस?"

मधलीनं नाही म्हणून मान हलवली. रोज शेकडो माणसांच्या रक्ताचं खरंखोटं ती कागदावर उतरवत असे. हे तिला उतरवता आलं नसतं.

धाकटा शेवटी जागा झालाच नाही.

घरी आल्यावर दादानं आपलं ताट आणि पेला स्वतः बाजूला काढला आणि टाकीशेजारी नेऊन ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वस्तऱ्याची गोष्ट खरी असती तर अपराधी माणसानं जे केलं असतं ते तो करत होता, आणि नीट, मन लावून करत होता, जसा तो बैठक विणायचा. वहिनीनं एकदा त्याला हाताला धरून आत आणायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "राहू दे, मला इथं बरं वाटतं." आईनं ते ऐकलं. त्याला बोलावलं नाही.

शेगडी आता वहिनी पेटवायची. दांडे तिला तितकेसे वाकवता येत नसत. खुर्च्यांचे हात जरा सरळच राहायचे. चौकटीतली सुई दिसेनाशी झाली होती. मधलीनं ती जागा पाहिली, लाकडात पडलेली बारीक भोकं पाहिली, आणि दादानं ती टाकली असणार असं समजून चालली. दादानं प्रत्येकासाठी एकेक चिमटा आणून दिला होता, प्रत्येकाच्या चिमट्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून. "आईला आता दिसत नाही बारीक," तो पोरीला म्हणाला. आई तिथंच होती. "नाही दिसत," तीही म्हणाली. काम थांबलं की ती सवयीनं दाराशी स्टुलावर बसायची, हात मांडीवर ठेवून. तिच्यापुढे कुणी येत नसे.

लसीचा तिसरा डोस आईचा राहून गेला होता. उशीर झाला तरी चालतो, पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागत नाही, असं सांगून मधली तिला घेऊन गेली. आईनं बाही वर केली आणि भिंतीकडे पाहिलं. परत येताना ती दमली म्हणून दोघी रस्त्याकडेच्या एका कठड्यावर बसल्या. समोर एक माणूस सायकलला हवा भरत होता.

"त्याच्या मानेवर चामखीळ होती," आई म्हणाली.

"कुणाच्या?"

"धाकट्याच्या. दाढीखाली, डावीकडे. तुम्हा कुणाला आठवणारही नाही, दाढीत झाकून गेलेली. पहिल्यांदा वस्तरा लावला तेव्हा ती कापली होती, रक्त थांबेना. घाबरून माझ्याकडे आला. तेव्हापासून त्यानं मानेला कधी वस्तरा लावला नाही. दाढी ठेवली ती त्यासाठीच." ती सायकलवाल्याकडे बघत होती. "मोठा खोटं बोलला, ते मला तिथंच कळलं."

मधली तिच्याकडे वळली.

"मग मी घरी आले आणि विचार केला, वस्तरा नाही तर काय. फार वेळ नाही लागला." आईनं उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. "सुई मी टाकली. चुलीत घालून लाल केली आणि मग टाकली. आता लाल करून काय उपयोग, तूच सांग."

"आई, तुला माहीत नव्हतं. मलाही आठवलं नाही, आणि मला तर आठवायला हवं होतं."

"अगं, कुणाला काय आठवायला हवं होतं ते राहू दे. ते मी रात्रंदिवस करतेच आहे. मोठ्याला टाकीशेजारी बसून जेवताना बघते ना, तेव्हा वाटतं उठावं आणि ताट आत आणावं. पण आणलं तर काय होईल? त्याला वाटेल आईनं माफ केलं. आणि त्यानं काय केलंय माफ करण्यासारखं? मग मला बोलावं लागेल. आणि मी बोलले तर त्यानं माझ्यासाठी जे उचललंय ते फुकट गेलं. त्याला तेवढंच करता आलंय भावासाठी नि माझ्यासाठी. ते कसं काढून घेऊ त्याच्याकडून?"

सायकलवाल्यानं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि निघून गेला.

"ताटानं होत नाही, हे खरं ना?" आईनं विचारलं.

"खरं."

"मग तू सांग त्याला. रोगाचं म्हणून सांग. तुझ्या शिक्षणाचं म्हणून सांग. माझं नाव काढू नकोस."

दोघी घरी पोचल्या तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. आई आत गेली. मधली कारखान्यात थांबली. दादा टाकीशेजारी बसला होता, ताट अजून रिकामं होतं.

"आईचा शेवटचा डोस झाला," मधली म्हणाली, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आता घरात सगळ्यांचं पूर्ण झालं. डॉक्टर म्हणाले, वेगळं बसायची काही गरज नाही."

दादानं तिच्याकडे पाहिलं. ताटानं काही होत नाही हे त्याला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं. आणि तो त्यासाठी इथं बसत नव्हता हे तिला ठाऊक होतं.

"आई म्हणाली?" त्यानं हळूच विचारलं.

"डॉक्टर म्हणाले."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. दादा टाकीच्या काठाला हात टेकून उठला. मग त्यानं ताट उचललं, पेला उचलला, आणि आत आला. पोरीनं सरकून जागा केली. वहिनी म्हणाली, "या. पाहुणे आले." तिचा आवाज मधेच फाटला, तरी तिनं वाक्य पूर्ण केलं.

आईनं त्याला वाढलं, इतरांना वाढलं. धाकट्याची जागा भिंतीकडे होती, तिथं कुणी बसलं नाही. दादानं पहिला घास घेतला आणि त्याचा हात क्षणभर थांबला. उजव्या तर्जनीत कुसळ होतं. आईनं ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

तिचा हात पुढे आला आणि मधेच थबकला.

दादानं खिशातून आपला चिमटा काढला, काळ्या दोऱ्याचा. डाव्या हातानं तो नीट धरता येत नव्हता. टोक पुन्हा पुन्हा कुसळाच्या बाजूला पडत होतं. आई उठून त्याच्याजवळ बसली. चिमट्याला तिनं हात लावला नाही. त्याचं मनगट तिनं धरलं आणि बोट खिडकीतल्या उजेडाकडे वळवलं.

"बाहेर बघू नकोस," ती म्हणाली. "इथं बघ. सावकाश काढ."